दुर्वाला घेऊन मनोरीच्या एडना मिसकडे

आधीच सांगते, मनोरीला जाणार असाल तर ओहोटी कधी आहे ते कुणाला तरी विचारून जा. मी नाही विचारलं आणि माझी डाव्या पायाची चप्पल अजून त्या चिखलात आहे. चाळीतल्या बायका दोन महिने झाले विचारतायत, तीन दिवस कुठे गेली होतीस गं, एकटी कशी गेलीस, पियानो म्हणजे काय, ती बाई खरंच आंधळी आहे का. प्रत्येकीला सांगून तोंड दुखलं, आणि एकीला सांगितलेलं दुसरीकडे जाईपर्यंत भलतंच होतं, म्हणून एकदाच लिहिते.

माझी दुर्वा सात वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. आम्ही विक्रोळीला राहतो, मी, दुर्वाचे पप्पा आणि सासूबाई. मी आठवीपर्यंत शिकले, अठराव्या वर्षी लग्न झालं, आणि मी घाबरट आहे हे सगळ्या चाळीला माहीत आहे. मनोरीला जायच्या चार दिवस आधी मी गॅसवर दूध ठेवलं होतं तेवढ्यात दुर्वा दार उघडून गेली, पार रस्त्यावर, आणि टेम्पोवाल्याने असा ब्रेक मारला की तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिला काही झालं नाही. पण त्याच दिवशी सासूबाईंनी ठरवलं की दुर्वाला कुडाळला गावी ठेवायचं. कायमचं. तिथे पप्पांचे मोठे भाऊ असतात, ते रविवारी येणार आणि सोमवारच्या गाडीने तिला घेऊन जाणार. पप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरात पप्पा काही बोलले नाहीत म्हणजे ठरलं.

मी रडत जेनी आंटीकडे गेले, त्या दोन दारं सोडून राहतात. त्यांच्या नातीचा एक छोटा कीबोर्ड आहे, दुर्वा दुपारभर तिथेच बसलेली असते. आंटी बोलल्या, "रडून काय होणार? माझी एक टीचर होती अंधेरीला, एडना मिस. जॅझ वाजवायची, हॉटेलात, फिल्मच्या रेकॉर्डिंगला, सगळीकडे. आंधळी आहे ती पण. आता मनोरीला घरीच असते. फोन लावू?" मी नको बोलायच्या आत त्यांनी लावला.

पलीकडून खणखणीत आवाज आला. "पोरगी किती वर्षांची?"

"सात."

"रडते?"

"नाही."

"आणि तू?"

"मी रडते."

"बरं. शुक्रवारी ये, रविवारी जेवून जा. तीन दिवस मी तिला ऐकणार, मग सांगणार घेते की नाही. कपडे आण. रडणं घरी ठेवून ये."

शुक्रवार

पप्पा फर्स्ट शिफ्टला निघाले तेव्हा दारातच त्यांना सांगितलं, मी दुर्वाला घेऊन मनोरीला चालले, रविवारी येते. ते बोलले, "आईला काय सांगू?" मी बोलले, "सांगा रेश्मा आली की सांगेल." एवढं उलट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी डबा घेतला आणि गेले, नको पण नाही बोलले आणि जा पण नाही बोलले.

लिंक रोडची बस, मग दुसरी, मग मालाडहून मार्वेची, ते सोडून देते. मार्वेला खाडीच्या या बाजूला धक्का आहे आणि समोर मनोरी, एवढं जवळ की पलीकडच्या बाईने साडी कुठली नेसलीय ते दिसतं. पण मध्ये पाणी. आमचं सगळं घराणं कोकणातलं, समुद्राकाठचं, आणि मी जन्मात बोटीत बसले नव्हते. त्या बोटीत माणसं चढतात, माशाच्या टोपल्या चढतात आणि मोटरसायकली पण चढतात! मी एका मोटरसायकलचा आरसा घट्ट धरून बसले. तिचा मालक बोलला, "ताई, आरसा तुटेल." मी बोलले, "भरून देईन." दुर्वा मात्र तोंड वर करून बसली होती, वाऱ्यात, आणि विचारत होती, "मम्मी, पाणी कुठून बोलतंय? खालून का बाजूने?"

ओहोटी होती. बोट धक्क्याला नीट लागेना, फळीवरून उतरायचं, आणि मी फळीवर पाय ठेवायच्या ऐवजी बाजूला ठेवला. गुडघ्यापर्यंत आत. एका मासेवालीने मला दंडाला धरून उपटलं, अगदी मुळ्यासारखं. पाय आला, चप्पल नाही आली. सगळी बोट हसली. दुर्वा विचारते, "काय झालं? मला पण सांगा ना." मासेवाली बोलली, "तुझ्या आईने मनोरीला चप्पल वाहिली."

गावात शिरलं की बोंबलाचा वास येतो, दोऱ्यांवर कपड्यासारखे बोंबील वाळत घातलेले असतात. रिक्षावाल्याने मिसच्या दारात सोडलं. मिस पायरीवरच उभ्या होत्या. जाड, सावळ्या, पांढरे केस कापलेले, फुलाफुलांचा फ्रॉक. मी काही बोलायच्या आत त्या बोलल्या, "एक चप्पल कुठे टाकलीस?"

मी थक्कच झाले. मला वाटलं, बघा, देवाने डोळे नेले तर कान कसले दिले. मिस हसायला लागल्या. "कान बिन काही नाही गं. तुझ्या आधी एक रिक्षावाला इथून ओरडत गेला, मिस, बाई एका चपलेवर येतेय म्हणून. लोकांना वाटतं आंधळ्याला जादू येते. जादू येत नाही, काम येतं. पोरीचा हात सोड."

मी बोलले, "मिस, घर नवीन आहे, तिला लागेल."

"लागू दे. हात सोड."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात. मिसकडे आधी काम. दुर्वाला त्यांनी सांगितलं, आज पियानो नाही, आज घर. सगळं घर हाताने बघ, पायाने बघ, आणि संध्याकाळी मला सांग कुठे काय आहे. मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं उठायचं नाही. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. दुर्वा स्टुलावर आपटली, मी उठले. "बस!" दुर्वा दाराच्या फटीत बोट घालत होती, मी ओरडले. "तोंडाने पण बस!" शेवटी दुर्वाचं कपाळ एका मोठ्या लाकडी पेटीवर आपटलं, धडाम, आणि आतून एक लांब आवाज आला, विहिरीत कुणी कुजबुजल्यासारखा. दुर्वा रडली नाही. तिने कपाळ चोळलं आणि मुद्दाम हळूच परत आपटलं, तो आवाज यावा म्हणून.

मिस माझ्याकडे तोंड करून बोलल्या, "सापडला तिला पियानो."

स्वयंपाक मिस स्वतः करतात. मी बघितलं की त्या सुरी घेऊन कांदा कापतायत, आणि मी धावत जाऊन सुरी धरायला गेले तर माझंच बोट कापलं. त्यांनी फडकं बांधलं आणि बोलल्या, "तीन दिवसांत तू जगलीस तर खूप झालं." माशाच्या कालवणाला आमच्यासारखं खोबऱ्याचं वाटण नाही, कोकम नाही. त्यांचा मसाला असतो, पंधरा-वीस जिन्नस भाजून, कुटून बाटलीत ठासून भरतात, त्याला बॉटल मसालाच बोलतात. पहिला घास तिखट लागला, तिसऱ्या घासाला मी परत भात मागितला. जेवायच्या आधी त्या, मी डोळे मिटले, तुम्ही पण मिटा, असं बोलून प्रार्थना करतात. दुर्वाने विचारलं, "तुम्हाला दिसत नाही तर डोळे का मिटता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस बोलल्या, "देवाला वाटायला नको की मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे."

जेवण झाल्यावर पायरीवर बसलो तेव्हा त्यांनी त्यांचं सांगितलं. चार वर्षांच्या असताना गोवर आला, ताप उतरला तेव्हा दिसणं गेलं. वडील हॉटेलातल्या बॅंडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. चर्चमध्ये जुनी बाजाची पेटी होती, तिथे त्या शिकल्या, आणि सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यांना बोटीत घालून फोर्टातल्या हॉटेलात नेलं. मॅनेजरने वाजवणं ऐकलं, खूश झाला, आणि बोलला, ठीक आहे, पण गिऱ्हाईक जेवत असतं, त्यांना हिचे डोळे दिसायला नकोत. पियानोपुढे झाडाच्या कुंड्या लावल्या, त्यांच्या पाठी मिस. तीन वर्षं.

मी बोलले, "मग?"

"मग एक दिवस गाण्याच्या मध्येच मी थांबले. मी बापाला मोठ्याने सांगितलं, कुंड्या उचल नाही तर मी चालले. बाप घाबरट होता, तुझ्यासारखा. पण उचलल्या त्याने. एक एक करून, सगळ्यांसमोर, ट्रम्पेट काखेत धरून."

"आणि मॅनेजर?"

"त्याने दोघांना काढून टाकलं," मिस बोलल्या. "जेवायला काय नव्हतं महिनाभर. बापाने मला एकदा पण नाही बोललं की का थांबलीस."

मी विचारलं, जॅझ म्हणजे काय हो. मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील. त्या बोलल्या, "नळावर चार बायका एकदम बोलतात ना? प्रत्येकीचं वेगळं चाललंय, कुणी कुणाचं ऐकत नाही असं वाटतं, पण भांडण एकच असतं आणि सगळ्यांना माहीत असतं कुठे आलंय. ते जॅझ." ते मला कळलं. नळावरचं मला सगळं कळतं.

शनिवार

आता माझी चूक सांगते. ही मी लपवणार होते.

मिस सकाळी काठी घेऊन मासे आणायला गेल्या, एकट्या. दुर्वा झोपलेली. मी आणि पियानो. काळ्यापांढऱ्या दातांचा एवढा मोठा जबडा. आणि मला धडकी भरली, की आज मिस दुर्वाला वाजवायला सांगणार आणि तिला काही सापडणार नाही, मिस नको बोलणार, आणि सोमवारी गाडी.

माझी एक सवय आहे. दुर्वाला कळावं म्हणून मी घरात सगळ्याला टिकल्या लावते. शाम्पूच्या बाटलीला एक, तेलाच्या बाटलीला दोन. गार पाण्याच्या नळाला एक. तिच्या डाव्या चपलेच्या पट्ट्याला आतून. जेनी आंटींच्या नातीच्या कीबोर्डला पण लावल्या होत्या. टिकल्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये असतंच. तर मी मिसच्या पियानोला लावल्या. सात. लाल मखमलीच्या, खड्याच्या नाही, खडा बोटाला टोचतो. लावल्या आणि मला एवढं हलकं वाटलं की मी जाऊन चहा ठेवला.

मिस आल्या, हात धुतले, पियानोपाशी बसल्या. रोज सकाळी त्या आधी नुसता हात फिरवतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं आपण पोराच्या अंगावरून फिरवतो. हात मध्ये आला आणि थांबला.

"हे काय आहे?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"रेश्मा. हे काय आहे?"

"टिकल्या."

"माझ्या पियानोला कुंकू लावलंस?"

मला वाटलं हसतायत. हसत नव्हत्या. नखाने एकेक टिकली खरवडून काढली, आणि गोंद राहिला तो फडक्याने घासत बसल्या. "ऐक. विचारल्याशिवाय माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. मी बघत नाही म्हणून ती सगळ्यांची होत नाही. आयुष्यभर लोक माझी मदत करायला येतात आणि माझ्या वस्तू हलवून जातात."

मी रडायला लागले. ठेवून आले होते घरी, पण आलं. दुर्वा उठून दारात उभी होती. ती बोलली, "मम्मी सगळ्याला लावते. माझ्या चपलेला पण आहे."

मिसनी फडकं बाजूला ठेवलं. "चप्पल आण." दुर्वाने आणली. मिसनी पट्ट्याच्या आतून बोट फिरवलं, बराच वेळ. मग बोलल्या, "ही बरोबर आहे. चप्पल हिची आहे, हिच्याबरोबर जाते. पण उद्या ही दुसऱ्याच्या पियानोवर बसेल, तेव्हा तू पुढे धावत जाऊन टिकल्या लावणार का? दुर्वा, इकडे ये. उंच पट्ट्या आहेत त्या काळ्या. मोज."

दुर्वाने बोटं फिरवली. "दोन. मग जागा. मग तीन. मग जागा. मग दोन..."

"शेवटपर्यंत असंच. ज्याने पियानो बनवला त्याने आधीच करून ठेवलंय, सगळ्यांसाठी, दिसणाऱ्यांसाठी पण. त्या दोन जिथे आहेत, त्यांच्या डावीकडची पांढरी वाजव. आता पुढच्या दोनांच्या डावीकडची. सापडली?"

सापडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या सापडल्या. मी सात वर्षं टिकल्या लावत होते आणि मला त्या काळ्या पट्ट्या दोन-तीन आहेत हे दिसलंच नव्हतं, दोन डोळे असून.

कामाचं बोलताना मिस अंधेरीचं सांगत होत्या. तिथल्या एका क्लासवाल्याने त्यांना आधी नाही सांगितलं होतं. बोलला, तुम्ही डोळस मुलांना कसं शिकवणार, त्यांची बोटं वाकडी पडली तर तुम्हाला कशी दिसणार? मिस बोलल्या, "मी त्याला सांगितलं, तुझ्या कुठल्याही पोराला वाजवू दे. वाकडं बोट ऐकू येतं. पाच पोरं वाजवली, पाचांची बोटं मी सांगितली." मग बावीस वर्षं त्या मनोरीहून अंधेरीला जायच्या, बोट, बस, काठी. ठिपक्यांनी लिहिलेलं संगीत असतं, हाताने वाचायचं, तशा वह्यांचं त्यांच्याकडे एक कपाट आहे. काही वह्या त्यांनी स्वतः टोचून टोचून लिहिल्या आहेत. मी हात लावू का विचारलं. विचारलं बरं का. त्या लाव बोलल्या.

दुपारी मिसनी विचारलं, "कोकणातली ना तू? तांदळाची भाकरी येते?" येते बोलले. पीठ दिलं. मी आत परातीत भाकरी थापत होते आणि बाहेर दुर्वा एकेक पट्टी दाबत होती, टिंग, टिंग, कंटाळवाणी. एकदम मिस ओरडल्या, "थांब! दुर्वा, तू थांब. रेश्मा, तू नको थांबू!"

मी घाबरून हात वर केले.

"थाप गं! थापत राहा!"

थापायला लागले. थाप, ठप थाप, ठप थाप. मिस दुर्वाला सांगत होत्या, "ऐकतेस? घड्याळ टिक टिक टिक टिक करतं, सगळे सारखे. मम्मी तशी नाही थापत. एक थाप टेकून बसते, दुसरी घाईत उठते. टेकून, घाईत. हे शिकवायला अंधेरीत मला एकेका पोराला वर्ष लागायचं, आणि ही बाई पिठात करतेय!"

सासूबाई मला नेहमी बोलतात, तुझा हात सरळ पडत नाही. सरळ पडत नाही तेच बाहेर चालत होतं! मिसनी डाव्या हाताने खालून काहीतरी सुरू केलं, जाडजूड, डुलत डुलत, आणि दुर्वाला सांगितलं, तू फक्त त्या दोन काळ्या वाजव, तुला वाटेल तेव्हा, पण मम्मीच्या थापेवर पाय ठेवून. तव्यावरची करपायला लागली. मी ओरडले, "मिस, भाकरी!" त्या ओरडल्या, "करपू दे! थांबलीस तर बघ!" धूर झाला, शेजारची बाई खिडकीतून डोकावली, मी खोकते आणि थापते, पीठ संपलं तर नुसतीच परात थापते, आणि बाहेर माझी पोरगी दोन पट्ट्यांवर अशी काय उड्या मारत होती की मला वाटलं ही माझी नाहीच. चुकली की हसत होती. घरी ती चुकली की घाबरते. माझ्याकडून शिकलीय.

चार भाकऱ्या कोळसा झाल्या. त्याच खाल्ल्या, कालवणात बुडवून.

रविवार

मिस सकाळी चर्चला जाऊन आल्या आणि मला पायरीवर बसवलं.

"घेते," मिस बोलल्या. "मंगळवार आणि शुक्रवार. पण मोठं काही डोक्यात घेऊ नकोस. ती चांगली वाजवणार की नाही हे पाच वर्षांनी कळेल, कदाचित तेव्हा पण नाही. ऐकते चांगलं, एवढंच आज सांगते."

मी विचारलं, "मिस, पण हिचं पुढे होणार काय?"

"माझी आई हेच विचारायची. ती गेली, मग भाऊ विचारायचा. मी सदुसष्ट वर्षांची झाले, आज चर्चमध्ये फादर विचारत होते, एडना, तुझं पुढे काय? उत्तर मिळालं की तुला सांगते."

पानं मांडली आणि दारात रिक्षा वाजली. पप्पा. जेनी आंटींकडून पत्ता घेऊन आले होते. आणि पप्पांच्या पाठी सासूबाई, छत्री धरून, नऊवारी घोट्यापर्यंत चिखलात.

"गो रेश्मा! लाज आसा काय तुका? तीन दिस चेडवाक घेवन परक्याच्या दारात!"

पप्पा माझ्याकडे बघत पण नव्हते. "आई ऐकेनाच," एवढंच बोलले.

मिस आतून बोलल्या, "आजी आल्या का? या, बसा. मासे कमी आहेत, पण पुरवू."

"जेवूक नाय इलंव आमी," सासूबाई बोलल्या, पण उन्हातून आल्या होत्या, बसल्या. "बाई, तुमी शिकलेली मानसां. तुमीच सांगा. ह्या चेडवाक दिसना नाय. दिसना नाय त्या मानसान पेटी वाजवन काय करूचा? पोट भरता काय?"

मिसनी पोटावर थापटी मारली. "माझं भरलंय. दिसत नाही का केवढं आहे ते?"

तेव्हा सासूबाईंनी मिसच्या तोंडाकडे नीट बघितलं. पप्पांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांचा हात तोंडावर गेला. "तुमका... दिसना नाय?"

"चार वर्षांची होते तेव्हापासून."

"आणि ह्या जेवण कोणी केल्यान?"

"मी. भाकऱ्या तुमच्या सुनेच्या. काल जाळल्या होत्या, आजच्या बऱ्या आहेत."

सासूबाईंनी भाकरी उलटून खालची बाजू बघितली. मग परत सुरू. गावाला मोकळं आहे, रस्ता नाही, टेम्पो नाही. मिसनी विचारलं, "अंगणात विहीर आहे?"

विहीर आहे. कठडा पण धड नाही.

"मी आसंय ना थंय!" सासूबाई एकदम ओरडल्या. "मी तिचो हात सोडूचंय नाय, मरासर सोडूचंय नाय!" आणि रडायला लागल्या.

मला काही कळेना. पप्पा खाली बघून बोलले, "आई पण जाणार होती. दुर्वासोबत. कायमची." मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं त्या माझ्या पोरीला घराबाहेर काढतायत, आणि त्या स्वतःच निघाल्या होत्या, तीस वर्षांचं विक्रोळीचं घर सोडून, एका आंधळ्या पोरीचा हात धरायला. मी पण तेच करत होते सात वर्षं.

मी उठले. मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि बोलले, "आई, तुमचा जीव आहे तिच्यावर. मला कळलं. पण ती जाणार नाही."

"आणि परत रस्त्यार गेली तर?"

"जाईल. तिला रस्ता शिकवायला लागेल. मला पण शिकायला लागेल."

"तू? तू झुरळाक भितंस!"

"भिते. झुरळाला भिते, बोटीला भिते, तुम्हाला पण भिते. तरी ती जाणार नाही."

दुर्वा ताटावर बसून काटे काढत होती, एकेक, बोटांनी, मिसनी दाखवलं तसं. मान वर न करता बोलली, "आजी, तू पण नको जाऊ ना. तुला पियानो दाखवते. कपाळ आपट त्याच्यावर, मज्जा येते."

सासूबाई जेवल्या. बॉटल मसाल्याला नावं ठेवत जेवल्या, खोबरा खंय आसा, कोकम खंय आसा, पण दोनदा वाढून घेतलं. हो मात्र बोलल्या नाहीत. निघताना पायरीवर मला बोलल्या, "माझ्या हातात नाय. तिकिटां मोठ्यान काढल्यानी. मोठो काय सांगात ता."

भरती होती, बोट धक्क्याला लागलेली. आम्ही बसलो, बोट भरायची वाट बघत, आणि पप्पांचा फोन वाजला. मोठे भावजी. विक्रोळीला पोचले होते आणि दाराला कुलूप बघून जेनी आंटींकडे बसले होते. पप्पा फोनकडे बघत राहिले. उचलेनात. आमच्याकडे धाकटी सून मोठ्या दिराशी सरळ बोलत नाही. आठ वर्षांत मी त्यांना चहा हवा का हे पण पप्पांना मध्ये घालून विचारलंय.

मी फोन घेतला.

"दिनेश, खंय आसास रे? हय कुलूप..."

"भावजी, मी रेश्मा बोलतेय."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग, "दिनेशाक दी."

"ते इथेच आहेत. तुम्ही माझ्याशी बोला. उद्याचं दुर्वाचं तिकीट रद्द करा. ती येणार नाही."

"आयेक दी मगे."

मी सासूबाईंकडे बघितलं. फोन पुढे पण केला. त्यांनी तोंड पाण्याकडे फिरवलं. हात पुढे नाही केला.

"आई पण इथेच आहेत," मी बोलले. "मीच बोलतेय. आई आहे मी तिची." माझा आवाज एवढा मोठा निघाला की माशाच्या टोपल्यांवर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या.

भावजी चिडले. "तुका समाजता काय, तू काय करतंस ता..." आणि बोटीचं इंजिन सुरू झालं, धडधड धडधड, त्यांचं पुढचं काहीच ऐकू येईना. पप्पांनी खूण केली, परत विचार, काय बोलतोय दादा.

त्यांना काय बोलायचं होतं ते बोलून झालं असेल. मी फोन बंद केला आणि पप्पांच्या खिशात परत ठेवला.